दूध नासलेलं नव्हतं

शेरा: वास. कारण: मुरघास असावा.

मच्छिंद्र कडलगनं वहीत एवढं लिहिलं, पेन कानावर ठेवलं आणि पंधरा दिवसांतला सतरावा कॅन परत पाठवला. त्याला त्यात आनंद होता असं नाही. कॅन परत पाठवणं हे फार थकवणारं काम आहे. पुढं गेलेला कॅन मुकाट जातो. परत गेलेल्या कॅनबरोबर एक माणूस असतो, आणि तो बोलतो.

कोल्हारच्या अलीकडे, मनमाड रस्त्याला लागून एक दूध शीतकरण केंद्र आहे. तिथं कॅन उतरवायच्या धक्क्यावर मच्छिंद्र एकोणीस वर्षं एकच काम करत होता. कॅन आला की झाकण काढायचं, उलटं करून नाकाशी न्यायचं, लांब श्वास घ्यायचा. मग "हं" म्हणायचं किंवा "अंहं" म्हणायचं. "हं"ला कॅन पुढं, "अंहं"ला कॅन मागं. आत लॅब होती, काचेच्या नळ्या होत्या, फॅट सांगणारं मशीन होतं. पण कामाची रीत अशी की आधी नाक, मग मशीन. नाकानं नाकारलेलं दूध मशीनला दिसतही नाही. तेव्हा मच्छिंद्रच्या वर अपील नव्हतं. एकोणीस वर्षांत त्यानं सोडलेल्या एकाही कॅननं टँकर नासवला नव्हता. पंचक्रोशीत लग्न असलं की आचारी पंगत बसण्याआधी त्याला बासुंदीच्या पातेल्याजवळ बोलावत. तो वाकायचा, मान हलवायचा, आणि मग वाढपी सुटायचे. माणसाला आयुष्यात असा एखादा मान मिळाला की बाकीचं चालवून घेता येतं.

आणि आता हा वास.

कसला, ते त्याला सांगता येत नव्हतं, आणि हेच त्याला खात होतं. आंबूस म्हणावं तर आंबूस नाही. शेणाचा नाही, सोड्याचा नाही, प्लास्टिकचा नाही. बंद पडलेल्या फ्रिजमध्ये दोन महिन्यांनी सापडलेल्या वाटीचा असतो, तसा काहीसा. प्रत्येक कॅनला नाही, चाळिसांत एखाद्याला. लांब श्वास घेतला, आवंढा गिळला की यायचा. आधी त्याला झाकणाच्या रबराचा संशय आला. मग कॅन धुण्याच्या पाण्याचा. मग मुरघासाचा, म्हणजे खड्ड्यात दाबून आंबवलेल्या मक्याचा, आणि तिथं त्याचा संशय कायमचा मुक्कामाला राहिला. दूधवाल्यांनी मुरघास बदलला. काहींनी बंद केला. गाई बिचाऱ्या कोरडा कडबा चघळत बसल्या.

वास राहिला.

·

केंद्राचा मॅनेजर पार्थ हा डेअरीची पदवी घेतलेला, तिशीच्या आतला, बोलताना मच्छिंद्रला काका म्हणणारा आणि लिहिताना 'आपण' म्हणणारा मुलगा. बुधवारी त्यानं लिहिलं.

«श्री. म. ग. कडलग यांस. आपण गेल्या पंधरवड्यात सतरा कॅन नाकारले. त्यांपैकी अकरा कॅनचे दूध उत्पादकांनी दुसऱ्या केंद्रावर घातले असता तेथे ते स्वीकारले गेले व 'उत्तम' असा शेरा मिळाला. सबब आपले नाक कामास योग्य आहे किंवा कसे, याबाबत वैद्यकीय दाखला सोमवारपर्यंत सादर करावा. अन्यथा आपणास गेटवर गाड्यांचे नंबर लिहिण्याच्या कामी वर्ग करण्यात येईल.»

"काका, वाईट वाटून घेऊ नका," पार्थ म्हणाला. "वरून आलंय. उत्पादक म्हणतात, आम्ही पलीकडं जातो."

"जाऊ द्या की."

"सगळे गेल्यावर तुम्ही काय हुंगणार?"

मच्छिंद्रनं कागद घडी करून खिशात ठेवला. गेटवर याआधी बिभीषण होता. त्याला ऐकू येईनासं झाल्यावर तिथं बसवला होता. म्हणजे ज्याचं काही गेलं तो गेटवर, अशी एकूण व्यवस्था.

·

गुरुवारी संध्याकाळी रतनबाई घरी आल्या.

रतनबाईंच्या गोठ्यात सहा गाई, आणि मच्छिंद्रनं त्यांचा कॅन तीनदा परत लावलेला. उंच बाई, डोक्यावरून पदर न ढळू देता टेम्पो हाकणारी. हातात स्टीलचा डबा होता. मच्छिंद्र ओट्यावर शेजारच्या कल्याणबरोबर बसला होता. कल्याणचं चौकात फवारणी पंप दुरुस्तीचं दुकान. पंप सोडून जगातल्या इतर सर्व दुरुस्त्यांबद्दल तो मोफत सल्ला देत असे.

"मच्छिंद्रभाऊ, हे धरा," रतनबाई म्हणाल्या. "काल तुमी वास मारतो म्हून परत लावलेलं दूध. त्याचंच दही लावलं. खा."

"रतनबाई, हे नियमात..."

"नियमात नगा खाऊ. वाटीत खा."

मच्छिंद्रनं सवयीनं डबा नाकाशी नेला, लांब श्वास घेतला, आवंढा गिळला आणि म्हणाला, "अंहं."

रतनबाईंनी डबा काढून घेतला. स्वतः बोटानं चाटून पाहिला. आतून मच्छिंद्रची बायको सविता आली होती, तिच्या तळहातावर दह्याची एक कवडी ठेवली. कल्याणनं न विचारता हात पुढं केला होता, त्यालाही दिली.

"गोड आहे की," सविता म्हणाली.

"साखर लागत न्हाई याला," कल्याण म्हणाला आणि दुसऱ्यांदा हात पुढं केला.

"अहो, पण मुरघासाचा वास येतोय तो..." असं म्हणत मच्छिंद्र उठून रतनबाईंच्या समोर गेला. पटवून द्यायचं तर जवळ जावं लागतं. रतनबाई एक पाऊल मागं सरल्या. मग थांबल्या. मग त्यांच्या चेहऱ्यावर, खूप दिवस हरवलेली किल्ली फडताळात दिसावी, तसं काहीतरी आलं.

"भाऊ," त्या म्हणाल्या, आणि आवाजात राग नव्हता, त्यामुळं जास्त लागलं. "वास येतोय. खोटं न्हाई तुमचं. पर दुधाला न्हाई. तुमच्या तोंडाला."

·

तेवढ्यात रस्त्यानं एक उसाची ट्रॉली गेली आणि सगळ्यांना तिच्याकडं पाहण्याची सोय झाली.

रतनबाई गेल्यावर मच्छिंद्रनं विचारलं, "खरंय?"

सविता डबा धुवायला निघाली होती. थांबली. "मला वाटलं, वय झालं की होत असेल."

"कधीपासून?"

"दिवाळी."

"फेब्रुवारी चाललाय सविता."

"म्हणून तर रोज जेवल्यावर बडीशेप देते. तुम्ही म्हणता, लाडात आलीस."

"आणखी कुणाला माहीत आहे?"

सवितानं कल्याणकडं पाहिलं. कल्याणनं ट्रॉली गेली त्या दिशेला पाहिलं.

"सगळ्यांना नाही," सविता म्हणाली. "गिरणीवाल्याला नसेल. तो पिठात असतो."

मच्छिंद्र खाली बसला. तर न्हावी करोना संपून इतकी वर्षं झाली तरी फक्त त्याच्याच वेळी मास्क का लावतो, भिशीच्या बैठकीत त्याच्या दोन्ही बाजूच्या खुर्च्या का रिकाम्या राहतात, हे सारं आता क्रमानं लागलं. खुर्च्या तो आदरापोटी रिकाम्या समजत होता. चार महिने अख्खं गाव एक गोष्ट हुंगत होतं, आणि गावातलं एकमेव पगारी नाक तेवढं बेखबर. दुःख वासाचं नव्हतं. दुःख क्रमांकाचं होतं: शेवटचा.

·

मोबाईलची बॅटरी लावली. चमच्याच्या दांड्यानं जीभ दाबली. सविता आत पाहत होती, कल्याण सवितामागून पाहत होता, आणि मच्छिंद्र दोघांच्या नाकपुड्या पाहत होता.

"आहे," सविता म्हणाली. "उजव्या गाठीत. पांढरं."

"भाताचं शीत आहे," कल्याण म्हणाला.

"भात काल कुठं होता?"

"परवाचं असेल."

त्यानं मोबाईलवर शोधलं. टॉन्सिलमध्ये बारीक खाचा असतात. त्यांत अन्नाचे कण, मेलेल्या पेशी आणि जंतू साचतात. ते घट्ट होऊन खडा बनतो. तोंडाला दुर्गंधी, घशात काही अडकल्याची भावना, कधी कानात कळ. मच्छिंद्रला आठवलं की महिनाभर उजव्या कानात कळ येत होती आणि त्यानं ती मोटारसायकलवरच्या वाऱ्याच्या नावे टाकली होती.

बातमी फुटायला कल्याणला फाटकापर्यंत जाण्याएवढा वेळ लागला. शुक्रवारी सकाळपासून सल्ले सुरू झाले. कोरडी भाकरी न चावता गिळा, खाली घेऊन जाते, भाकरी अडकली तर केळं गिळा, केळं अडकलं तर पाणी, बाभळीच्या सालीच्या गुळण्या, तुरटीच्या गुळण्या, पेरूच्या पानांच्या गुळण्या, पण पानं लखनौ पेरूची हवीत, समोरच्या मास्तरांना मागं मुतखडा झाला होता, त्यांनी आपल्या अनुभवावरून कुळथाचं पाणी तांब्याभर पाठवलं आणि भरपूर चालायला सांगितलं, उड्या मारल्या तर उत्तम, मास्तरीणबाईंनी निरोप दिला की खडा पडला की जपून ठेवा, आमच्या ह्यांचा आम्ही डबीत ठेवलाय, आणि एका पोक्त माणसानं ओट्याजवळ सायकल थांबवून, खाली न उतरता, एवढंच सांगितलं की हे सगळं जास्त बोलण्यानं होतं, आणि तो तासभर बोलून गेला.

मच्छिंद्रनं भाकरी गिळली. केळं गिळलं. तांब्याभर कुळीथ प्याला. उड्या मात्र मारल्या नाहीत. ओट्यासमोर रस्ता होता, आणि अब्रू थोडीच उरली असली की माणूस ती जास्त जपतो.

दुपारी कल्याण नवाकोरा पंप घेऊन आला.

"न्हाई म्हणू नका मच्छिंद्रराव. मोबाईलवरच पाहिलं. परदेशात पाण्याची बारीक धार मारून काढतात. धार म्हणजे शेवटी पंपच. हा आजच खोक्यातून काढलाय, औषधाचा थेंब लागलेला न्हाई. कोमट पाणी, मीठ, लहान नोझल. प्रेशर माझ्याकडं."

"कमी ठेव."

"कमीच."

"किती कमी?"

"कांद्याला मारतो तेवढं."

सविता नको म्हणाली. हे नमूद करायला हवं, कारण पुढं तिनंच ते अनेकदा नमूद केलं. मच्छिंद्र न्हाणीघरात वाकला, आ केला. कल्याणनं दोनदा दांडा मारला आणि कळ दाबली.

पाणी घशात गेलं. तिथून ते नाकातून बाहेर आलं, डोळ्यांतून आल्यासारखं वाटलं, आणि उरलेलं समोरच्या आरशावर बसलं. पडजीभ कापडासारखी फडफडली. मच्छिंद्र ओरडला, पण आवाज आला नाही. आवाज पुढं दोन दिवस आला नाही. खड्याला काही झालं नव्हतं. सवितानं बॅटरीनं पाहिलं. खडा जागेवर होता, उलट धुऊन जास्त स्वच्छ दिसत होता. त्याच्याभोवतीचा टॉन्सिल मात्र टोमॅटोसारखा सुजला होता.

"नोझल बदलून..." कल्याण म्हणाला.

सवितानं त्याला पंपासकट बाहेर काढलं.

·

शनिवारी ते एसटीनं नगरला गेले. डॉक्टर आरती कान-नाक-घसा बघतात. शांत बाई. मच्छिंद्रला बोलता येत नव्हतं, म्हणून सगळी हकिकत सवितानं सांगितली, त्यामुळं पंपाचा भाग जरा लांबला.

"पंप," डॉक्टर म्हणाल्या.

"फवारणीचा," सविता म्हणाली.

डॉक्टरांनी काहीतरी लिहिलं. मग त्याला खुर्चीत बसवलं, डोक्याला दिवा लावला, घशात बधिर करणारा फवारा मारला. या फवाऱ्याला मात्र प्रेशर नव्हतं. बोथट टोकाच्या एका वाकड्या सळीनं त्यांनी टॉन्सिल बाजूनं हळूच दाबला. फार वेळ लागला नाही. दोन खडे. गॉजवर ठेवून त्यांनी दाखवले: पिवळट पांढरे, एक ज्वारीच्या दाण्याएवढा, दुसरा त्याहून लहान.

मच्छिंद्रनं हात पुढं केला. डॉक्टरांना वाटलं, पाहायचे असतील. त्यानं गॉज नाकाशी नेला आणि एकोणीस वर्षांच्या सवयीनं लांब श्वास घेतला.

तोच. फ्रिजमधली वाटी. सतराच्या सतरा कॅन.

त्यानं मान आडवी हलवली आणि गॉज परत केला.

"सहसा ज्याला होतं त्याला हा वास कळत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "नाकाला सवय होते. तुम्ही रोज मुद्दाम लांब श्वास घेता, गिळता, त्यामुळं घशातला वास मागच्या वाटेनं नाकात चढला. नाक चांगलंय तुमचं. वास बरोबर ओळखलात, पत्ता चुकला."

पंधरा दिवसांत त्याच्याबद्दल कुणी बोललेलं हे पहिलं बरं वाक्य. पण त्याला "हो" म्हणायलाही आवाज नव्हता.

रोज कोमट मिठाच्या पाण्यानं गुळण्या, जेवल्यावर चूळ, जीभ घासायची, पाणी भरपूर प्यायचं. टोकदार काही घालून कोरायचं नाही. "हे परत होऊ शकतात. वारंवार झाले, फार त्रास झाला, तरच टॉन्सिल काढायचा विचार करू. आणि शेजाऱ्यांना माझा नमस्कार सांगा."

मग सवितानं पिशवीतून कंपनीचा छापील नमुना काढला. त्यात असं होतं: «सदर कर्मचारी ______ या अवयवाने काम करण्यास योग्य आहे / नाही.» डॉक्टरांनी चष्मा काढून तो दोनदा वाचला. मग भरला: नाक. योग्य आहे. खाली स्वतःहून लिहिलं: घशातील दोन खडे काढले.

शनिवारी संध्याकाळीच पार्थनं दाखला मुख्य कार्यालयाला पाठवला. सोमवारी पहाटे उत्तर हजर.

«दाखल्यावरील शिक्क्यात जिल्ह्याचे नाव जुने व नमुन्यात नवे असल्याने दाखला ग्राह्य धरता येत नाही. तसेच नाकाच्या दाखल्यात घशाचा उल्लेख कसा, याचा खुलासा व्हावा. खडे पुराव्यादाखल सोबत जोडावेत.»

"खडे आहेत का?" पार्थनं विचारलं.

"टाकले," मच्छिंद्र घोगऱ्या आवाजात म्हणाला. आवाज त्या सकाळीच परत आला होता, अर्धा. त्याला मास्तरीणबाईंची डबी आठवली आणि त्या बाईबद्दल पहिल्यांदाच आदर वाटला.

बाहेर धक्क्यावर दूधवाले जमले होते. गेटवरची खुर्ची रिकामी होती, आणि तिच्यावर कुणीतरी आधीच नवी वही आणून ठेवली होती.

पार्थनं बाहेर पाहिलं, आत पाहिलं, उत्तराचा कागद उपडा ठेवला. "काका, दाखल्याचं मरू द्या. आठ कॅन लावतो. त्यात एक कालचं, बाहेर ठेवलेलं दूध आहे. कुठलं ते फक्त मला माहीत. यांच्यासमोर हुंगा. बरोबर आलं तर मी वर भांडतो. चुकलं तर..."

"गेट," मच्छिंद्र म्हणाला.

·

हं. हं.

हं.

चौथ्याला तो थांबला. लांब श्वास. आवंढा गिळायची भीती वाटली, तरी गिळला. काही आलं नाही. नुसतं दूध. कोमट, गोडसर, गाईच्या अंगाचं दूध. पंधरा दिवसांत असं बिनसंशयाचं दूध त्याच्या नाकाला लागलं नव्हतं. तो झाकण धरून जरा जास्तच वेळ उभा राहिला, तसे मागं कुणीतरी "झोपला व्हय?" म्हणालं.

हं.

पाचवा. हं. सहाव्याला त्याचं नाक आपोआपच मागं आलं. हा आंबूस, हा ओळखीचा, साधा, प्रामाणिक आंबूस. पण आता त्याला स्वतःचंच खरं वाटेना. त्यानं बाटलीतलं पाणी घेतलं, चूळ भरली, पुन्हा हुंगलं, पुन्हा चूळ भरली.

"अंहं," तो म्हणाला. सातवा हं, आठवा हं.

पार्थनं सहाव्या कॅनची चिठ्ठी काढून वर धरली. कुणीतरी टाळी वाजवली, एकच, मग लाजून थांबलं.

आता गप्प राहिलं असतं तरी चाललं असतं. पार्थनं डोळ्यानं तसं सुचवलंही. पण रतनबाई समोरच उभ्या होत्या. मच्छिंद्रनं खाकरून अर्धा आवाज गोळा केला.

"मागच्या सतरा कॅनचं सांगतो. ते दूध नासलेलं नव्हतं. मुरघासाचा काही दोष नव्हता. वास माझा होता."

एकोणीस वर्षांत त्याच्या तोंडून धक्क्यावर एवढं लांब बोलणं कधी निघालं नव्हतं. हसतील असं त्याला वाटलं. मागच्या बाजूला थोडे हसलेही. बाकीचे घड्याळ बघत होते. दूध तापत होतं.

रतनबाई हसल्या नाहीत. "बरं झालं बोललात. पर एक सांगा. डाक्टरीनबाई म्हनली म्हनं, परत हुतो?"

"होऊ शकतो."

"मंग? उद्या परत झाला, तर कुनाच्या गाईवर घालनार? आमचं दूध तुमी तपासता. तुमचं तोंड कोन तपासनार?"

दूधवाल्यांत "व्हय, व्हय" झालं. मच्छिंद्र तोंड उघडणार होता, पण त्याला ती कृती नकोशी वाटली. पार्थचे डोळे मात्र चमकले. पदवी घेतलेल्या माणसाचे अशा वेळी चमकतात. "बरोबर आहे! लॅबमधलं मशीन आपण रोज सकाळी तपासूनच वापरतो. नाकालाही तोच नियम. रोज एक उत्पादक, पाळीपाळीनं. काका, तुमची जागा पक्की. एवढीच अट."

मच्छिंद्रनं गेटवरच्या खुर्चीकडं पाहिलं. ऊन तिच्यावर आलं होतं. दिवसभर तिथं ऊनच असतं.

"चालेल," तो म्हणाला.

·

मंगळवारी सकाळी सहाला पहिली पाळी रतनबाईंची. त्या मुलीकडून घेतलेली छोटी बॅटरी आणि घरचा चमचा घेऊन आल्या. मच्छिंद्र धक्क्याच्या कडेला उभा राहिला. मागं टेम्पोंची रांग, मोटारसायकलींना लटकलेले कॅन, आणि सगळी मंडळी मान उंच करून.

"अजून मोठा," रतनबाई म्हणाल्या.

त्यानं जबडा अजून ताणला. बॅटरी उजवीकडं गेली, डावीकडं गेली, परत उजवीकडं आली आणि गरजेपेक्षा जास्त थांबली. त्याला काही बोलता येत नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं, ते जबड्यामुळं. मागं कुणीतरी हॉर्न दिला. रतनबाईंनी वळून एकदा पाहिलं, हॉर्न थांबला. मग त्या वाकल्या, मच्छिंद्रच्या तोंडाशी नाक आणून एक लांब श्वास घेतला आणि डोळे मिटून विचार करत राहिल्या. आपण कॅन नाकाशी धरतो तेव्हा पलीकडच्या माणसाचं काय होत असेल, हे त्याला त्या वेळी नीट समजलं. ते समजायला नको होतं. समोर रोज अशी चाळीस माणसं असतात.

रतनबाईंनी डोळे उघडले. चमचा पदराला पुसला.

"मिटा आता. आन उद्या येताना जीभ नीट मागपर्यंत घासून या, भाऊ. आमी बी कास धुतल्याबिगर धार काढत न्हाई."